गुरुवारी कोणाला न्यायचं

शिलाईच्या दुकानात मास्तरिणीच्या तोंडात पाच टाचण्या होत्या आणि सहावी वकिलांच्या कोटाच्या खांद्यात अर्धी गेली होती, तेव्हा फोन वाजला. तिने तो मान आणि खांदा यांच्या बेचक्यात धरला. वकील दोन्ही हात आडवे करून बुजगावण्यासारखे उभे होते.

"आरोग्य केंद्रातून बोलतेय." आवाज तरुण होता, नवा होता. "या नंबरच्या कार्डाचा अहवाल आलाय. गुरुवारी सकाळी नऊला डॉक्टरांना दाखवायचंय. चुकवू नका, त्यानंतर डॉक्टर महिन्याने येतील."

"हं," मास्तरीण म्हणाली. तोंडात टाचण्या असताना तेवढंच म्हणता येतं.

"फोनवर नाव घ्यायची आम्हाला परवानगी नाही. ठेवते."

तिने टाचण्या तळहातावर काढल्या. "कोणाचा पण?" असं तिने विचारलं तेव्हा फोन बंद झाला होता.

"कोणाचं काय?" वकिलांनी विचारलं.

"बाहीचं. तुमचा उजवा हात डाव्यापेक्षा अर्धं बोट लांब आहे, ठाऊक आहे का? खाली करा आता."

वकील आपल्या हातांकडे बघत बघत गेले. मास्तरिणीने उलट फोन लावून पाहिला. नुसताच वाजत राहिला. केंद्रातली जुनी सिस्टर असती तर तिने मास्तरिणीचा आवाज ओळखून काहीतरी खूण दिली असती, पण तिची बदली झाली होती.

"कोणाचा अहवाल गं?" पडद्याजवळ बसून बटणं लावणाऱ्या सासूबाईंनी विचारलं. त्यांचे कान गेलेत असं समजून सगळे त्यांच्याशी ओरडून बोलत, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू येई.

"तेच कळत नाही, आई. तिघींपैकी एकीचा."

मास्तरिणीच्या दुकानात दोन मशिनं होती, एक कापायचं टेबल, आणि मागे मापं घ्यायला पडदा लावलेली जागा. शिंप्याकडे बाई किती वेळा गेली आणि पडद्यामागे किती वेळ होती, हे कोणी मोजत नाही. म्हणून तिघीजणी इथे येत. भाजीवाली, इस्त्रीवाली आणि दातांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसणारी एक मुलगी, जिला सगळ्या धाकटी म्हणत. मास्तरीण धरून चौघींनाही एचआयव्ही होता. महिन्याच्या गोळ्या मास्तरीण केंद्रातून आणी आणि शिवून झालेल्या कपड्यांच्या घडीत घालून जिच्या तिच्या घरी पोचवी. तिघींच्याही घरचा फोन या हातातून त्या हातात फिरणारा, त्यामुळे कार्डावर तिघींनी तिचाच नंबर दिला होता. आजवर त्यात कधी घोटाळा झाला नव्हता.

ती स्वतः सोळा वर्षं गोळ्या घेत होती. नवरा त्याच आजाराने गेला. त्याच्या तेराव्या दिवशीही तिने सकाळची गोळी चुकवली नव्हती, आणि हे ती नव्या येणाऱ्या प्रत्येकीला सांगे. "माझ्या रक्तात आता शोधायला गेले तर त्यांना तो सापडत नाही," हेही सांगे, आणि ते खरं होतं.

महिन्यापूर्वी जुन्या सिस्टरने इथेच दुकानात चौघींना बसवून समजावलं होतं. गर्भपिशवीच्या तोंडाशी होणारा कर्करोग आपल्यासारख्या बायकांना इतरांच्या सहापट गाठतो. पण तो एका रात्रीत येत नाही. आधी नुसता डाग असतो, वर्षानुवर्षं गप्प बसलेला. तो तेव्हाच सापडला की तिथल्या तिथे संपवता येतो. त्यासाठी एक काडी आत फिरवून डबीत घालायची, ती प्रयोगशाळेत जाते, डाग पाडणारा विषाणू आहे की नाही ते कळतं. काडी आपली आपणच फिरवायची, दुसऱ्या कोणी बघायचंही नाही.

तरी तिघी जागच्या हलल्या नव्हत्या. भाजीवाली काडीकडे बघत म्हणाली होती, "हे मी माझ्या हाताने? मला स्वतःच्या पाठीला साबण लावता येत नाही."

मग मास्तरिणीनेच पहिली काडी उचलली होती आणि पडद्यामागे जाऊन दोन मिनिटांत बाहेर आली होती. "झालं. कान कोरायला याहून जास्त वेळ लागतो." त्यानंतर तिघी एकेक करून गेल्या होत्या.

"मग तिघींना घेऊन जा," सासूबाई म्हणाल्या.

"दोघींना उगाच घाबरवायचं?"

"दोघी उगाच घाबरतील. एक उगाच नाही घाबरणार." त्यांनी दोरा दाताने तोडला. "आणि तिसरी कोण, ते आपल्याला माहीत नाही."

मास्तरिणीने वकिलांचा कोट खुंटीला लावला आणि चपला घातल्या.

भाजीवाली टोमॅटोंवर पाणी मारत होती. मास्तरिणीने गिऱ्हाईक जाईपर्यंत काकड्या निवडल्यासारखं केलं आणि मग सांगितलं.

"गुरुवारी? गुरुवारी बाजार असतो. त्या रोगाला म्हणावं, शुक्रवारी ये."

"म्हटलं. तो म्हणाला, मी भाजी खात नाही."

भाजीवाली हसली, पण पाणी मारायचा हात थांबला होता. "माझा नसणार, ताई. मला काही असतं तर दुखलं असतं की नाही? माझं साधं नख दुखलं तरी सगळ्या बाजाराला कळतं."

"हे दुखत नाही. दुखायला लागलं म्हणजे उशीर झाला. आत्ता गप्प आहे तोवरच जायचं."

"तुझं बरं आहे. तू आपली लोखंडाची."

"लोखंडालाही गंज चढतो," मास्तरीण म्हणाली. असं बोलायची तिची पद्धतच होती; बोलताना ती दुसरी एक काकडी हातात घेऊन कडू आहे का बघत होती. "साडेसातची बस."

"येते. पण तिथे उभी राहून वाट बघायला लावलंस तर तुझ्या दुकानासमोर गाडी लावेन आणि दिवसभर ओरडेन."

धाकटीकडे असं मोकळं बोलून चालणार नव्हतं. दातांच्या दवाखान्यात तीन माणसं गाल धरून बसली होती. मास्तरीण काउंटरशी जाऊन मोठ्याने म्हणाली, "तुमचा कुर्ता झालाय हो. एकदा फिटिंग बघून जा, आजच." धाकटीने मान डोलावली. कुर्ता तिने शिवायला टाकलेलाच नव्हता.

संध्याकाळी ती पडद्यामागे उभी राहिली आणि ऐकता ऐकता स्टुलावर बसली. तिच्या लग्नाला वर्ष झालं होतं. नवऱ्याला सगळं माहीत होतं. त्याने माहीत असूनच लग्न केलं होतं.

"मावशी, ते जाळतात म्हणे."

"डाग जाळतात."

"आम्हाला मूल हवंय. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या नीट घेतल्या तर बाळाला काही होत नाही. आता हे मधेच..."

मास्तरिणीने कापायच्या टेबलावरचं काळं कापड सारखं केलं आणि खडूने त्यावर एक पिशवी काढली, तोंडाशी अरुंद होत गेलेली. "हे पिशवीचं तोंड. इथे." तिने तोंडाच्या कडेला खडू टेकवला. बारीकसा पांढरा ठिपका उमटला. "एवढं भाजतात. पिशवी जागच्या जागी राहते. कॉलरवर शाई सांडली तर आपण शर्ट फेकून देतो का?"

"काही माणसं देतात."

"ती माझ्याकडे शिवायला येत नाहीत."

धाकटीने बोटाने ठिपका पुसला. "आणि माझा नसला तर?"

"तर तू दिवस फुकट घालवलास म्हणून माझ्यावर रागव. मी ऐकून घेईन."

इस्त्रीवालीकडे ती मुद्दाम शेवटी गेली. पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर पांढऱ्या शर्टांचा ढीग होता आणि इस्त्रीवाली एका शर्टाची कॉलर मागून पुढे, मग पुढून मागे दाबत होती. मास्तरिणीचं बोलणं तिने मान वर न करता ऐकलं. तिची थोरली बहीण याच रोगाने गेली होती. बहिणीला एचआयव्ही नव्हता. तरी गेली.

"माझाच असणार," ती म्हणाली.

"असं काही लिहिलेलं नाही."

"माझाच. काडी घेतली त्या दिवसापासून मला माहीत आहे."

"बहीण डॉक्टरकडे कधी गेली होती?"

"रक्त थांबेना तेव्हा."

"मग तुझी आणि तिची गोष्ट एक कशी? तुला रक्त नाही, दुखणं नाही. तू बस यायच्या आधीच थांब्यावर उभी आहेस. ती बस सुटल्यावर पोचली होती."

इस्त्रीवालीने शर्ट उलटा केला. "मी येते. पण ताई, खिडकीशी तू जा. काय ते तू ऐक. जे करायचं असेल त्यांनी करावं, मी आडवी पडते, पण मला काही सांगायचं नाही. कुठे आहे, केवढं आहे, काही नाही. मी बाहेर बाकावर बसते, वेळ आली की हाक मार."

"डाग तुझा आणि ऐकायचं मी?"

"हो."

मास्तरिणीने विचार केला आणि ती म्हणाली, "बरं."

घरी जाताना तिच्या मनाने ठरवूनच टाकलं की ती बाई म्हणजे इस्त्रीवाली. बुधवारी तिने पिशवीत एक धुतलेला टॉवेल घातला, एक जुना मऊ कपडा घातला, बिस्किटांचा पुडा घातला. खिडकीशी काय विचारायचं ते तिने मनात पाठ केलं. डाग किती मोठा, आजच होईल का, दुखेल का, घरी गेल्यावर काय जपायचं. इस्त्रीवालीला यातलं काही विचारता येणार नव्हतं, म्हणून एकही प्रश्न राहून चालणार नव्हता. तिने ते दोनदा म्हणून पाहिले. सासूबाईंनी बटणांवरून डोकं वर केलं आणि पुन्हा खाली घातलं.

गुरुवारी चौघीही साडेसातच्या बसला होत्या. भाजीवाली सगळ्या रस्त्याभर आपल्या जागी बसवलेल्या दिराबद्दल बोलत होती, जो मेथी आणि शेपूमधला फरक गिऱ्हाइकांनाच विचारतो. धाकटी हसत होती. इस्त्रीवाली खिडकीबाहेर बघत होती.

केंद्राच्या खिडकीमागे ती नवी सिस्टर बसली होती. बावीस-तेवीस वर्षांची असेल. मास्तरिणीने तिघींची कार्डं एकावर एक नीट ठेवून आत सरकवली. इस्त्रीवाली ठरल्याप्रमाणे लांबच्या बाकावर जाऊन बसली, भिंतीकडे तोंड करून.

सिस्टरने वही उघडली, कार्डं एकेक करून ताडून पाहिली. "ही निगेटिव्ह. ही पण. आणि ही पण. तिघींचे अहवाल चांगले आहेत."

भाजीवालीने कमरेवर हात ठेवले. "जन्मात पहिल्यांदा मी कशाततरी निगेटिव्ह निघाले."

धाकटीने भिंतीला पाठ टेकवली आणि डोळे मिटले. मास्तरिणीने वळून लांबच्या बाकाकडे मोठ्याने सांगितलं, "अगं, तुझा चांगला आहे. हे तरी ऐकशील की नाही?" बाकावरच्या पाठीत हालचाल झाली नाही, मग ती पाठ हळूच वाकली आणि इस्त्रीवालीने पदर नव्हता तरी पदर असल्यासारखा हाताने चेहरा पुसला.

मास्तरीण पुन्हा खिडकीकडे वळली. आता तिचा आवाज चढला होता. "मग फोन कशाला केला हो? तीन बायका कामं टाकून आल्यात. एकीचा बाजार बुडाला. रात्र रात्र झोपल्या नाहीत. तुम्ही नवीन आहात, ठीक आहे, पण नंबर नीट बघून तरी लावावा."

"नीट बघूनच लावला, मावशी," सिस्टर म्हणाली. "या नंबरवर चार कार्डं आहेत."

मास्तरीण थांबली.

"चौथं माझं आहे," ती म्हणाली. "पण ते मी नुसतं दाखवायला दिलं होतं."

"काय दाखवायला?"

"कसं करायचं ते. यांना."

सिस्टर हसली नाही. "नमुना दिला म्हणजे तपासणी झाली, मावशी. कार्ड आणलंय?"

कार्ड पिशवीच्या तळाशी होतं, टॉवेल आणि कपड्याच्या खाली. ते काढून देईपर्यंत सिस्टरने तिघींची कार्डं परत केली होती. मास्तरिणीने ती घेतली, कडा जुळवल्या, आणि भाजीवालीचं धाकटीला दिलं, धाकटीचं भाजीवालीला. दोघींनी आपसांत बदलून घेतली.

सिस्टरने वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून तिला दाखवलं. डॉक्टर आधी आत बघतील. डाग असला, आणि भाजण्यासारखा असला, तर आजच होईल. मास्तरिणीने मान हलवली. पाठ केलेल्या प्रश्नांपैकी तिने एकही विचारला नाही.

"चला," ती मागे वळून म्हणाली. "तुम्ही मोकळ्या. साडेनऊची बस मिळेल. तुझा अर्धा बाजार वाचेल."

भाजीवालीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग ती बाकावर बसली, चपला काढल्या आणि पाय वर घेतले. "दिराला मेथी कळायला दुपार होईल. मधेच गेले तर तो शिकायचा नाही."

धाकटी फोन घेऊन दाराशी गेली. "सर, आज येणं जमणार नाही," असं ती म्हणताना ऐकू आलं. "घरातल्या एकीची तपासणी आहे. नाही, घरातल्याच."

आतून नाव पुकारलं गेलं. "सोबत एकजण चालेल," दारातली आया म्हणाली. धाकटी फोन ठेवून पुढे येत होती, पण लांबच्या बाकावरून इस्त्रीवाली उठली होती. तिने येऊन मास्तरिणीच्या हातातली पिशवी घेतली.

"तू बाहेर बसणार होतीस," मास्तरीण म्हणाली.

"माझा असता तर."

खोली लहान होती. उंच टेबल, वाकवलेला दिवा, आणि टेबलाच्या बाजूला आतलं चित्र दाखवणारा वहीएवढा पडदा. डॉक्टरबाई प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होत्या. आता थंड लागेल. आता ओढल्यासारखं वाटेल. आता सिरका लावतेय, डाग असला तर पांढरा उठतो, मिनिटभर थांबू. खोलीत सिरक्याचा वास पसरला. मास्तरीण छताकडे बघत होती. छताला ओल आल्याचा एक डाग होता आणि ती त्याच्याकडे नाराजीने बघत होती, जसं कोणी दुसऱ्याची वाकडी शिवण बघावी.

"बघायचंय का?" डॉक्टरबाईंनी पडद्याकडे बोट केलं. "दिसतंय आता."

"चष्मा दुकानात राहिला," मास्तरीण म्हणाली. आणि मग, "तू बघ गं."

इस्त्रीवाली टेबलाच्या उशाशी उभी होती. खोलीत आल्यापासून तिची नजर फरशीवर होती. मास्तरिणीने तिला पुन्हा सांगितलं नाही. दिव्याचा बारीक आवाज येत होता. मग इस्त्रीवालीने डोकं वर केलं, आणि वर केल्यावर ती खूप वेळ बघत राहिली.

"सांग," मास्तरीण म्हणाली.

"सगळं गुलाबी आहे. ओठांच्या आतल्या बाजूसारखं." ती थोडी पुढे झाली. "वरच्या अंगाला एक पांढरं आहे. बटणाएवढं."

"कोटाच्या की शर्टाच्या?"

"शर्टाच्या. कॉलरच्या टोकाचं असतं ना, तेवढं."

"कड कुठे जातेय? आत गेलीय का?"

डॉक्टरबाई हातातलं काम थांबवून दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. "हे मी बघायचं असतं," त्या म्हणाल्या, पण त्यांनी दिवा थोडा वळवला आणि वाट पाहिली.

इस्त्रीवाली पडद्यावर वाकली. तिने हवेतच बोटाने त्या पांढऱ्या भोवती एक वाटोळी रेघ ओढली, सावकाश, कुठे तुटते का बघत. "नाही. सगळीकडून दिसतेय. पुरी."

"बरोबर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत गेलेली नाही. बाकी कुठे काही नाही. आजच करून टाकू." त्यांनी टॉर्चसारखी एक दांडी उचलली, जिच्या टोकाला छोटीशी गोल चकती होती.

"किती तापतं हे?" इस्त्रीवालीने विचारलं.

"शंभर अंश. चाळीसेक सेकंद ठेवतो."

इस्त्रीवालीने त्यावर विचार केला. "रेशमाला मी याहून जास्त ठेवते," ती म्हणाली.

मास्तरिणीला हसू आलं, पोटातून आलं, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "हसू नका, पडद्यावर सगळं हलतंय." मग म्हणाल्या, "आता."

ओटीपोटात कोणीतरी मूठ वळल्यासारखं झालं. मास्तरिणीने हात बाजूला केला तर तिथे इस्त्रीवालीचा हात होता, खरबरीत, तळव्याला जुना चटका बसलेला. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती. चाळीसावर ती थांबली तेव्हाच डॉक्टरबाईंनी दांडी मागे घेतली.

"काही दिवस पाणी जाईल. महिनाभर जपायचं. तुम्ही वर्षाने परत दाखवायला यायचं," डॉक्टरबाई हातमोजे काढत म्हणाल्या. इस्त्रीवालीकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमची झालीय तपासणी?"

"झाली. चांगली आली."

"मग तीन वर्षांनी पुन्हा काडी. त्यात काही निघालं तर असंच बघू."

"याच टेबलावर?"

"याच टेबलावर."

इस्त्रीवालीने पडद्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. मास्तरीण अजून आडवीच होती. इस्त्रीवालीने पडद्याची कड धरून तो थोडा आपल्या बाजूला वळवला, खाली वाकली, मास्तरिणीच्या उशीला लावून आपलं डोकं टेकवलं आणि त्या कोनातून पडदा नीट बघून घेतला.

"मला इथून दिसेल," ती म्हणाली.